मेम्फिसचं क्रॉसटाउन: आधी भाडेकरू, मग भिंती

पंधरा लाख चौरस फूट म्हणजे साधारण ३४ एकर फरशी. एवढी सगळी एका छपराखाली, तीही बंद पडलेली, आणि अशा शहरात जिथे चांगल्या ऑफिसालाही भाडेकरू शोधत फिरावं लागतं. अमेरिकेच्या टेनेसी राज्यातल्या मेम्फिसमध्ये ‘सीअर्स क्रॉसटाउन’ नावाचं हे धूड १९९३ पासून दोन दशकांहून जास्त काळ रिकामं उभं होतं. १९ ऑगस्ट २०१७ रोजी ते ‘क्रॉसटाउन कॉन्कोर्स’ या नावाने पुन्हा उघडलं. दवाखाने, ऑफिसं, २६५ घरं, कलाकारांचे स्टुडिओ, खाण्यापिण्याची दुकानं, आणि वर्षभराने एक हायस्कूल, असा सगळा संसार आता तिथे आहे.

जुन्या गोदामांना नवं आयुष्य देण्याचा विषय निघाला की बोलणं लगेच उघड्या विटांवर आणि उंच छतांवर जातं. क्रॉसटाउनमध्येही ते आहेच, फोटो छान येतात. पण या प्रकरणातलं अवघड काम झालं ते एकही भिंत फोडण्याआधी, कोण कोणाच्या शेजारी बसणार हे ठरवताना. म्हणून इथे मी इमारतीपेक्षा भाडेकरूंवर आणि पैशांवर जास्त रेंगाळणार आहे.

इमारत आणि तिचं नशीब

सीअर्स, रोबक आणि कंपनीचा धंदा कॅटलॉगवर चालायचा. खेड्यातला माणूस जाडजूड पुस्तकातून नांगर, कोट किंवा शिलाई मशीन निवडून चिठ्ठी पाठवायचा आणि माल टपालाने घरी यायचा. त्यासाठी कंपनीने १९०६ साली शिकागोत आणि पुढे १९२०च्या दशकात देशभर अवाढव्य वितरण केंद्रं उभारली. फिलाडेल्फिया, अटलांटा, मिनियापोलिस, बोस्टन, लॉस एंजेलिस आणि मेम्फिस ही त्यातली काही. आर्किटेक्ट होते जॉर्ज निमन्स. मेम्फिसची इमारत १८० दिवसांत उभी राहिली असं सांगतात. २७ ऑगस्ट १९२७ ला ती उघडली आणि पहिल्याच दिवशी सुमारे ३० हजार लोक दुकानात येऊन गेले. दुकान म्हणजे खालचा एक भाग. बाकी सगळं माल ठेवणं, शोधणं, बांधणं आणि पाठवणं. मागणी वाढत गेली तशी इमारतही वाढत गेली. मूळ इमारतीला पुन्हा पुन्हा जोड देत ती पंधरा लाखांवर पोहोचली. दहा मजले, आणि चौदा मजल्यांपर्यंत जाणारा मनोरा.

दुकान १९८३ मध्ये बंद झालं. कंपनीने १९९३ मध्ये सर्वसाधारण कॅटलॉगच गुंडाळला, आणि मग या केंद्रांना कामच उरलं नाही. भावंडांची गत वेगवेगळी झाली. फिलाडेल्फियाचं केंद्र १९९४ मध्ये सुरुंग लावून पाडलं. मिनियापोलिसचं केंद्र एका मोठ्या आरोग्यसंस्थेने मुख्यालय तिथे आणल्यामुळे २००६ च्या सुमारास सावरलं. अटलांटाचं केंद्र महापालिकेने १९९० मध्ये घेतलं होतं. ते पुढे एका खासगी विकासकाने विकत घेऊन ‘पॉन्स सिटी मार्केट’ म्हणून उभं केलं. अटलांटात जमिनीचे भाव चढत होते आणि शेजारून जुन्या रेल्वेमार्गावरची नवी पायवाट जात होती. विकासकाला धोका होताच, पण बाजार त्याच्या बाजूने होता.

मेम्फिसमध्ये यातलं काहीच नव्हतं. उलट इमारतीच्या आसपासच्या वस्तीला आधीच एक घाव बसलेला होता. आय-४० हा महामार्ग शहराच्या मधोमध, ओव्हरटन पार्क चिरून न्यायचा बेत होता. नागरिक कोर्टात गेले आणि १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. अमेरिकेतल्या कायद्याच्या विद्यार्थ्यांना हा खटला आजही शिकावा लागतो. उद्यान वाचलं. पण तोपर्यंत रस्त्यासाठी घरं पाडून झाली होती. रस्ता आला नाही, घरंही राहिली नाहीत. मोकळ्या प्लॉटांचा एक पट्टा वर्षानुवर्षं पडून राहिला. अशा परिसरात एक बंद दहा मजली गोदाम म्हणजे शहराच्या गळ्यातलं लोढणं.

कोण येणार?

इमारत २००७ मध्ये एका स्थानिक गुंतवणूकदाराकडे आली आणि पाठोपाठ आर्थिक मंदी. नेहमीच्या पद्धतीने विचार केला असता तर पुढची पायरी ठरलेली होती: बाजाराचा अभ्यास करायचा, किती ऑफिसं, किती दुकानं, किती घरं खपतील ते काढायचं, आणि आकडा जुळत नाही म्हणून फाइल बंद करायची.

इथे पुढे आला तो कलेचा इतिहास शिकवणारा माणूस. टॉड रिचर्डसन मेम्फिस विद्यापीठात प्राध्यापक होते. विषय उत्तर युरोपातली सोळाव्या शतकातली चित्रकला. त्यांनी आणि व्हिडिओ कलाकार क्रिस्टोफर माइनर यांनी २०१० मध्ये ‘क्रॉसटाउन आर्ट्स’ ही ना-नफा संस्था काढली. बांधकाम व्यवसायातल्या कुणालाही हे हसू येण्यासारखंच वाटलं असतं. पण त्यांना बांधकामातलं काही येत नव्हतं याचा एक फायदा झाला: ते इमारतीपासून सुरुवात करू शकलेच नाहीत. त्यांनी समोरच्या क्लीव्हलँड स्ट्रीटवर एक छोटी गॅलरी थाटली, कार्यक्रम घेतले, लोकांना त्या कोपऱ्यावर यायची सवय लावली. २०१२ मध्ये त्याच रस्त्यावर ‘मेमफिक्स’ नावाचा उपक्रम झाला. रिकाम्या गाळ्यांमध्ये तात्पुरती दुकानं आणि रस्त्यावर रंगाने आखलेल्या सायकलच्या मार्गिका, असा तो थाट. थोडक्यात, उद्या हा रस्ता कसा दिसेल याची रंगीत तालीम.

त्याच सुमारास खरं काम सुरू होतं बैठकींच्या खोल्यांमध्ये. शहरात आधीपासून पाय रोवून असलेल्या संस्था, ज्यांना जागेची खरोखर गरज आहे, अशांना एकेक करून गाठलं गेलं. चर्च हेल्थ ही त्यातली कळीची संस्था. डॉक्टर आणि धर्मोपदेशक असलेल्या स्कॉट मॉरिस यांनी ती १९८७ मध्ये काढली. काम करतात पण आरोग्यविमा परवडत नाही अशा लोकांवर ती उपचार करते. तिचे विभाग शहरात अनेक इमारतींमध्ये विखुरलेले होते. मेथडिस्ट ले बॉनर ही रुग्णालयांची साखळी, सेंट ज्यूड या मुलांच्या कर्करोग रुग्णालयासाठी निधी उभा करणारी अल्सॅक, शाळांसाठी शिक्षक घडवणारी मेम्फिस टीचर रेसिडेन्सी, आणि स्वतः क्रॉसटाउन आर्ट्स. आरोग्य, शिक्षण आणि कला, या तीन विषयांभोवती भाडेकरूंची निवड झाली. २०१२ मध्ये या पहिल्या संस्थांची नावं जाहीर झाली, तेव्हा नकाशे अजून कच्चेच होते.

हा क्रम उलटा वाटतो, पण त्यात शहाणपण होतं. सट्टा लावून बांधायचं असेल तर विकासक आधी पैसे उभे करतो, मग भाडेकरू शोधतो, आणि जो आधी येईल त्याला जागा देतो. शेजार मग योगायोगाने ठरतो. क्रॉसटाउनमध्ये प्रत्येक संस्थेला विचारला गेलेला प्रश्न वेगळा होता: तुम्हाला किती चौरस फूट लागतील हे नंतर, पण इथल्या बाकीच्यांमुळे तुमचं कोणतं काम सोपं होईल? मधुमेहाच्या रुग्णाला डॉक्टर ‘आहार सुधारा, व्यायाम करा’ म्हणतो आणि रुग्ण घरी जाऊन काहीच करत नाही, हा जगभरचा अनुभव. चर्च हेल्थच्या नव्या जागेत स्वयंपाक शिकवणारं स्वयंपाकघर आहे आणि वायएमसीएची व्यायामशाळा आहे. डॉक्टरच्या खोलीतून निघालेला माणूस त्याच इमारतीत दोन वळणं घेऊन तिथे पोहोचतो.

अर्थात या पद्धतीची एक बाजू फारशी सांगितली जात नाही. विखुरलेली संस्था एका जागी आली की तिच्या जुन्या जागा रिकाम्या होतात. शहराच्या हिशेबात सगळी वाढ निव्वळ वाढ नसते. काही भाग इकडचं तिकडे झालेलं असतं. ‘प्रकल्पाने इतके हजार लोक आणले’ अशा घोषणा कुठेही ऐकल्या की मी पहिल्यांदा विचारतो, हे लोक काल कुठे बसत होते?

जागा विकायची सोडून तोडायची

आता इमारतीकडे. गोदामाचा सांगाडा घरं-ऑफिसांसाठी एका बाबतीत वरदान असतो: ताकद. अमेरिकेतल्या प्रचलित मानकांप्रमाणे हलक्या गोदामाचा मजला दर चौरस फुटाला १२५ पौंड आणि जड गोदामाचा २५० पौंड वजन पेलेल असा आखतात. ऑफिसाला ५० आणि घराला ४० पौंड पुरतात. म्हणजे सांगाडा मजबूत करत बसावं लागत नाही, हाताशी शिल्लकच असते. क्रॉसटाउनमध्ये काँक्रीटचे मशरूम खांब आहेत: तुळया नाहीत, खांबाचं डोकं छत्रीसारखं फाकत जातं आणि सपाट स्लॅब थेट त्यावर बसतो. तुळया नसल्याने छत मोकळं राहतं आणि नवे नळ, वायरी, हवेचे पाइप हवे तसे फिरवता येतात.

शाप मात्र मोठा असतो, आणि तो म्हणजे मजल्याची रुंदी, खिडकीपासून आतपर्यंतचं अंतर. खिडकीतून येणारा उजेड साधारण खिडकीच्या वरच्या कडेच्या उंचीच्या दोन ते अडीच पट अंतरापर्यंत कामाचा असतो. बारा फुटांवर खिडकीची वरची कड असेल तर पंचवीस-तीस फूट आत जाईपर्यंत उजेड संपला. गोदामात मालाच्या खोक्यांना उजेड नको होता, म्हणून मजले हवे तेवढे रुंद केले. माणसांना घर द्यायचं तर खिडकी हवी, नियमानेही हवी आणि माणुसकीनेही. मग मधल्या अंधाऱ्या भागाचं काय करायचं?

साधारण विकासक तिथे भांडारघरं, जिने, पार्किंग असं काहीतरी कोंबतो आणि जमेल तेवढी फरशी भाड्याने लावतो. क्रॉसटाउनच्या आर्किटेक्टांनी, म्हणजे मेम्फिसच्या लूनी रिक्स किस आणि कॅनडाच्या डायलॉग या संस्थांनी, इमारतीच्या पोटातून वरपासून खालपर्यंत स्लॅब कापून मोठाली अंगणं काढली. मधलं तर थेट दहा मजले उंच. वरून छपरातून उजेड येतो आणि आतल्या बाजूच्या खोल्यांनाही खिडकी उघडायला जागा मिळते. तळाशी लालभडक गोल जिना आहे. पहिल्यांदा येणाऱ्या माणसाची नजर आधी त्यावर जाते, मग वर.

हे सांगायला सोपं आहे, करायला नाही. तुळया नसलेल्या स्लॅबमध्ये भार दोन्ही दिशांना पसरत खांबांकडे जातो. मधूनच तुकडा काढला तर शेजारच्या खणांचा, म्हणजे खांबांमधल्या भागांचा, तोल बदलतो आणि कापलेल्या कडेला आधार उरत नाही. म्हणून कुठून कापायचं हे खांबांच्या रांगा ठरवतात, आर्किटेक्टची पेन्सिल नव्हे. भोक नीट पडलं तर कडेच्या खांबांचे फाकलेले माथे उघडे पडतात आणि काही न सजवता सजावट होऊन जाते.

पण मुख्य मुद्दा आर्थिक आहे. कापलेला प्रत्येक चौरस फूट म्हणजे भाडं न देणारा चौरस फूट. पंधरा लाखांतली वापरण्याजोगी जागा त्यामुळे बरीच खाली आली. तरीही हा निर्णय मला या प्रकल्पातला सर्वांत हिशेबी निर्णय वाटतो. अंगणाशिवाय आतली जागा नावाला होती, तिला कुणी भाडं दिलंच नसतं. शिवाय अंगण नसतं तर शाळा, दवाखाना, घरं आणि उपाहारगृह हे चार वेगवेगळे प्रवेश असलेले चार वेगवेगळे प्रकल्प झाले असते, फक्त एका पत्त्यावरचे. मिश्र वापर नकाशावर रंगवून होत नाही. दवाखान्यात आलेल्या आजीने आणि वरच्या मजल्यावर राहणाऱ्या शिक्षकाने एकाच मोकळ्या जागेतून जावं लागतं, तेव्हा तो होतो.

घरं वरच्या मजल्यांवर आहेत, सातव्यापासून दहाव्यापर्यंत. हा क्रमही विचाराने आलेला. घराला शांतता आणि दृश्य लागतं, दवाखान्याला सहज पोहोचणं लागतं, दुकानाला रस्ता लागतो. वेगवेगळ्या वापरांमध्ये आगरोधक भिंती-मजले, आवाजाचा बंदोबस्त, वेगळ्या लिफ्ट आणि कुलपं यांचा खर्च अशा कुठल्याही इमारतीत मोठा असतो. एकेका वापराचे सलग मजले ठेवले की तो आटोक्यात राहतो.

तीस दारं

एकूण खर्च सुमारे २० कोटी डॉलर. इथे घोडं अडणारच होतं. पडीक परिसरातली इमारत पूर्ण झाल्यावर तिचं बाजारमूल्य तिच्यावर केलेल्या खर्चापेक्षा कमी भरतं. बँक बाजारमूल्य पाहून कर्ज देते, खर्च पाहून नाही. उरलेली दरी कशी भरायची?

इथे मॅक्लीन विल्सन यांची भूमिका महत्त्वाची. हॉलिडे इन ही हॉटेलांची साखळी मेम्फिसमध्येच सुरू करणाऱ्या केमन्स विल्सन यांचे ते नातू. कुटुंबाची विकासक कंपनी असल्याने ही भाषा त्यांना येत होती. रिचर्डसन यांच्याबरोबर त्यांनी प्रकल्पाचं नेतृत्व केलं. पैशांचे स्रोत शेवटी तीसपेक्षा जास्त झाले: बँका, दानशूर संस्था, मेम्फिस महापालिकेचे दीड कोटी डॉलर, आणि या सगळ्यांइतकेच महत्त्वाचे म्हणजे दोन केंद्रीय करसवलती.

पहिली ऐतिहासिक इमारतींची. राष्ट्रीय नोंदवहीत असलेली इमारत ठरावीक निकषांनुसार दुरुस्त केली तर पात्र खर्चाच्या २० टक्के रक्कम करातून वजा होते. दुसरी ‘न्यू मार्केट्स’ सवलत, २००० सालच्या कायद्यातून आलेली. कमी उत्पन्नाच्या भागात गुंतवणूक केली तर सात वर्षांत मिळून ३९ टक्के. ना-नफा संस्थेला करच नाही, मग सवलतीचा उपयोग काय? उपयोग असा की कर भरणारा गुंतवणूकदार भागीदार म्हणून आत येतो, सवलत त्याच्या पदरात पडते आणि त्याबदल्यात तो रोख पैसा टाकतो.

कागदावर हे सुटसुटीत दिसतं. प्रत्यक्षात तीस जणांच्या तीस अटी असतात आणि प्रत्येक जण म्हणतो, बाकीच्यांनी सही केली की मी करतो. भाडेकरू म्हणतात बांधकामाची हमी द्या. बँक म्हणते भाडेकरूंचे करार दाखवा. महापालिका म्हणते बँकेचं पत्र आणा. ही मोट बांधायला काही वर्षं गेली आणि २०१४ च्या अखेरीस व्यवहार पूर्ण झाला. फेब्रुवारी २०१५ मध्ये काम सुरू झालं. भाडेकरूंच्या सह्या आधी नसत्या तर ही साखळी कुठूनच सुरू झाली नसती. आधीचे भाडेकरू हा काही उदात्त विचार नव्हता, कर्ज मिळवण्याचा तारणपत्रासारखा कागदच होता.

ऐतिहासिक सवलतीची किंमतही मोजावी लागते. बाहेरचा चेहरा, खिडक्यांची रचना, आतला औद्योगिक स्वभाव जपावा लागतो. मोठी अंगणं कापणं हे तर निकषांच्या दृष्टीने नाजूक प्रकरण. इमारत अवाढव्य असेल आणि कापल्यानंतरही मूळ रचना कळत असेल तरच परवानगी मिळते. क्रॉसटाउनच्या आकाराने आयुष्यात पहिल्यांदा इथे मदत केली.

उघडल्यानंतर

पुरस्कार आले, त्यात जतनासाठीचा राष्ट्रीय पातळीवरचा ड्रीहाउस पुरस्कार होता. हरित इमारतींचं लीड प्लॅटिनम मानांकनही मिळालं. हायस्कूल ऑगस्ट २०१८ मध्ये नववीच्या वर्गाने सुरू झालं आणि पुढे एकेक इयत्ता वाढत गेली. स्वतंत्र नाट्यगृहही उभं राहिलं.

आता माझ्या शंका. एक, हे सगळं आतल्या बाजूला वळलेलं आहे. अंगण इतकं सोयीचं आहे की रस्त्यावर उतरायची गरज पडत नाही, आणि क्लीव्हलँड स्ट्रीटवरच्या दुकानदाराला इमारतीतल्या गर्दीतला थोडासाच वाटा मिळतो. गाडी पार्किंगमध्ये, माणूस थेट आत. इमारतीला ‘उभं नगर’ म्हणायला आवडतं, पण नगराला कडा नसतात, इमारतीला असतात.

दोन, भाडेकरूंची निवड तीन विषयांपुरती ठेवल्यामुळे एकसंधपणा आला तसं एक परावलंबनही आलं. मोठ्या जागा घेणाऱ्या संस्था दान, अनुदान आणि आरोग्यव्यवस्थेच्या पैशावर चालतात. तिथे गळती लागली तर एकदम अनेक मजले हलतात. मिनियापोलिससारखं एकाच मोठ्या संस्थेवर विसंबण्यापेक्षा हे बरं, पण धोका पूर्ण टळला असं नाही.

तीन, सगळ्यात व्यावहारिक. हा हिशेब आज तसाच मांडता येणार नाही. इमारत उघडली त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये अमेरिकेचा करकायदा बदलला. ऐतिहासिक सवलत २० टक्केच राहिली, पण पूर्वी ती इमारत वापरात आली त्या वर्षी पूर्ण घेता यायची, आता ती पाच वर्षांत समान हप्त्यांनी मिळते. शंभर डॉलरच्या पात्र खर्चावर पूर्वी त्याच वर्षी वीस, आता दरवर्षी चार. गुंतवणूकदार उद्याच्या पैशाला आजच्यापेक्षा कमी किंमत देतो, त्यामुळे त्याच सवलतीच्या बदल्यात विकासकाच्या हातात येणारी रोकड घटते. अशा एखाद्या गोदामावर आज कुणाची नजर असेल, तर त्याने भरायच्या दरीचा आकडा क्रॉसटाउनच्या कागदांवरून न घेता पहिल्यापासून नव्याने काढावा.